पहिल्यांदा बझरसमोर उभं राहताना

अभिनंदन! टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसाठी तुझी निवड झाली म्हणजे ज्ञान पुरेसं आहे, आता घोकंपट्टी थांबव. नवखे हरतात ते बझरवर, म्हणजे उत्तरासाठी आधी दाबायच्या बटणावर. ‘जेपर्डी’ या अमेरिकन प्रश्नमंजुषेत प्रश्न वाचून संपायच्या आत बटण दाबलं की ते पाव सेकंद बंद पडतं, आणि तेवढ्यात दुसरा बाजी मारतो. घरी बॉलपेनच्या खटक्यावर सराव कर. मी अजूनही करतो.

बाकी दोनच गोष्टी:

- प्रेक्षकांचा कौल घ्यायची सोय असेल तर ती लवकर वापर. अवघड प्रश्नावर तेही चाचपडतात.
- चुकलेलं उत्तर तिथेच सोड. पहिल्या खेळात मी एका चुकीवर कुढत बसलो आणि पुढचे तीन प्रश्न कानावरूनच गेले.

पुढे सूत्रसंचालन करण्याबद्दल विचारलंस, पण ते आत्ता डोक्यात नको. तिथे आधी स्पर्धकांची नावं नीट उच्चारायला शिकावं लागतं (मी दोनदा माती खाल्ली आहे). ते नंतर बोलू.