फोटोफेरेसिसमध्ये माझा मुलगा भाजणार तर नाही ना?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा ७ वर्षांचा, वजन १९ किलो. थॅलेसेमियासाठी त्याच्या ताईचा बोनमॅरो दिला, तो लागला पण दोन महिन्यांनी अंगभर पुरळ आणि जुलाब सुरू झाले, जीव्हीएचडी आहे म्हणाले. स्टिरॉइडने फरक नाही. आता फोटोफेरेसिस करायचं, म्हणजे रक्त बाहेर काढून त्यावर लाइट देणार म्हणतात. तो भाजेल का? एवढं रक्त काढलेलं त्याला झेपेल का? – एक आई

उत्तर : ताई, लाइट त्याच्या अंगावर पडतच नाही, हे आधी मनात पक्कं करा. त्याच्या कॅथेटरमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीतून, रक्त मशीनमध्ये जातं, तिथे ते गरगर फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यांच्यात मेथॉक्सॅलेन नावाचं औषध मिसळून अल्ट्राव्हायोलेट ए किरण देतात आणि मग सगळं परत त्यालाच चढवतात. कोडावर आपल्याकडे बावची लावतात ना, तिच्यातलं सोरालेन याच औषधाच्या घरातलं. १९८७ मध्ये अमेरिकेत येलच्या डॉ. रिचर्ड एडेलसन यांनी कातडीच्या एका लिम्फोमासाठी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, ही पद्धत मांडली, जीव्हीएचडीत ती नंतर आली.

जीव्हीएचडी म्हणजे त्याच्या ताईच्या मॅरोतल्या टी-पेशी, प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, तुमच्या मुलाच्या कातडीला, आतड्याला परकं समजून हल्ला करतायत. लाइट दिलेल्या पेशी हळूहळू मरतात आणि त्यातून बाकीच्या पेशीही शांत व्हायला लागतात, पण स्टिरॉइडसारखी सगळीच प्रतिकारशक्ती दाबली जात नाही, आणि इन्फेक्शनची धास्ती असलेल्या मुलासाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

रक्ताची काळजी मात्र खरी आहे. १९ किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम १.४ लिटर रक्त, त्यामुळे नळ्यांत थोडं जरी अडकलं तरी बीपी उतरू शकतं, म्हणून लहान मुलांसाठी मशीन बऱ्याचदा आधी दात्याच्या लाल पेशींनी भरून घेतात. तुमच्या मुलाचं कसं करणार ते टीमला स्पष्ट विचारा. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असतील तर कॅल्शियम उतरून ओठांना मुंग्या येतात, त्याला आधीच सांगून ठेवा की असं झालं की लगेच बोल, मुलं गप्प बसून राहतात.

दोन वेळा करून फरक दिसला नाही म्हणून खचू नका, याला आठवडे लागतात, आणि प्रत्येक मुलाला सारखा गुण येतोच असं नाही हेही खरं. स्टिरॉइड मात्र स्वतःहून कमी करू नका.

परत चढवलेल्या पेशींबरोबर ते औषधही थोडं अंगात जातं, म्हणून प्रत्येक वेळी नंतर २४ तास ऊन नको, आणि डोळ्यांना यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट अडवणारा चष्मा हवाच, कारण उन्हातले हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. चष्मा पहिल्या दिवसाच्या आधीच त्याच्या मापाचा घेऊन ठेवा, मोठ्यांचा नाकावरून घसरतो आणि मग पोरं काढूनच टाकतात.