क्यूथ्रेड वापरूनही पायक्यूटीची विंडो का गोठते?

तुम्ही लिहिलंय की सिरीयल पोर्टवरून सेकंदाला हजारेक रीडिंग येतात, वाचन क्यूथ्रेडमध्ये टाकलंय (पायक्यूटी ही पायथनमध्ये विंडो बनवायची लायब्ररी, आणि क्यूथ्रेड म्हणजे तिचा मुख्य कामाच्या बाजूने समांतर चालणारा थ्रेड), दर रीडिंगला सिग्नल, म्हणजे मुख्य थ्रेडला सूचना, सोडून आलेख काढता, आणि तरी थोड्या वेळाने विंडो गोठते. वाचन वेगळं काढलंत ते योग्यच. घोळ त्या सिग्नलमध्ये आहे.

दुसऱ्या थ्रेडमधून आलेला सिग्नल मुख्य थ्रेडच्या इव्हेंटच्या रांगेत लागतो. एक आलेख काढायला समजा 5 मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला जेमतेम 200 रीडिंग निघतील; बाकीची 800 साचत जाणार. क्लिक आणि विंडो रंगवणंही त्याच थ्रेडला करायचंय, त्याला उसंतच मिळत नाही. आणि 5 सेकंद प्रतिसाद नसला की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणून मोकळं होतं.

म्हणून दर रीडिंगचा सिग्नल बंद करा. वर्करने, म्हणजे क्यूथ्रेडमध्ये वाचन करणाऱ्या ऑब्जेक्टने, रीडिंग फक्त एका डेकमध्ये (पायथनची दुतर्फा रांग) टाकावं (मॅक्सलेन, म्हणजे कमाल लांबी, देऊन; मग मेमरी फुगणार नाही). मुख्य थ्रेडमध्ये 50 मिलिसेकंदांचा क्यूटायमर (ठरावीक वेळाने काम चालवणारा) लावा. त्याने दर वेळी डेकमध्ये असेल ते सगळं काढून घ्यायचं आणि आलेख एकदाच काढायचा. रीडिंग हजार येवोत की दहा हजार, आलेख सेकंदाला फार तर 20 वेळा निघेल, आणि डोळ्याला तेवढं भरपूर आहे. मात्र डेक भरला की जुनी रीडिंग गळतात. एकही गमवायचं नसेल तर फाइलमध्ये लिहिण्याचं काम वर्करकडेच द्या.

एक गोष्ट आत्ताच तपासा. मूव्ह-टू-थ्रेड केल्यावर (वर्कर त्या थ्रेडकडे सोपवल्यावर) वर्करचं फंक्शन तुम्ही थेट कॉल करत असाल, तर ते मुख्य थ्रेडमध्येच चालतं! थ्रेडच्या स्टार्टेड सिग्नलला जोडा.

लूपमध्ये प्रोसेस-इव्हेंट्स (रांगेतले इव्हेंट मध्येच उरकायला लावणारा कॉल) टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतील. कृपा करून टाकू नका. काम अर्धवट असताना कुणी ‘सुरू करा’ पुन्हा दाबलं तर तेच फंक्शन स्वतःच्याच पोटात दुसऱ्यांदा चालू होतं, आणि असले बग शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

विंडो बंद करताना टर्मिनेट (थ्रेड जबरदस्तीने मारणं) वापरू नका; रिक्वेस्ट-इंटरप्शन (थांबायची विनंती), क्विट आणि मग वेट (थ्रेड संपायची वाट बघणं). लूपमध्ये ती विनंती तपासा आणि पायसिरीयलला (सिरीयल पोर्ट वाचणारी पायथन लायब्ररी) 0.1 सेकंदाचा टाइमआउट द्या. तो मुळात नसतोच, त्यामुळे डेटा थांबला की रीड अडकून बसतं आणि त्याची वाट बघत विंडोही.