डेमोआधी स्टोअरमध्ये जा
कारखान्यासाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घेताय? त्याचे डेमो सध्या थांबवा. आधी एकच ऑर्डर धरा आणि चौकशीपासून पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे फिरा. कोण कुठे नोंद करतं, सही कुणाची लागते, माल कुठे अडतो, सगळं टिपून ठेवा. साहेब सांगतात ती पद्धत वेगळी असते. स्टोअरकीपरच्या खिशातली डायरी खरी. ती का ठेवावी लागते हे त्यालाच विचारा, आणि घाई न करता ऐका.

प्लेटिंगसारख्या जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, माल जात असेल तर त्यासोबतची चलनं (माल पाठवल्याचे कागद) नीट बघा. जीएसटीत कच्चा माल परत यायची मुदत १ वर्षाची. ती उलटली तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. अर्धवट परत आलेला माल, भंगार यांची नोंद कशी होते, हे सॉफ्टवेअर विक्रेत्याला तुमचंच जुनं चलन देऊन करून दाखवायला सांगा.