पाच ध्वनिमुद्रिका की दोन अल्बम?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. कॉलेजच्या कार्यक्रमात त्याला ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या ग्लासगोच्या बँडची ओळख करून द्यायची आहे. निवेदनात त्यानं लिहिलं, ‘या इंडिपॉप बँडच्या १९९७ अखेर पाच ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या.’ सरांनी दोन ठिकाणी लाल पेन चालवलं. स्कॉटलंडचा बँड इंडिपॉप कसा, हे एक. आणि पाच नव्हे, दोन, हे दुसरं. बरोबर कोण?

इंडिपॉपबाबत सर बरोबर आहेत. हिशेबात दोघंही बरोबर आहेत, आणि खरी गंमत तिथंच आहे.

आधी इंडिपॉप. हा शब्द आपल्याकडं १९९० च्या दशकात रुळला. अलिशा चिनॉय, लकी अली यांची सिनेमाबाहेरची हिंदी गाणी म्हणजे इंडिपॉप. त्यातलं ‘इंडि’ इंडियनमधलं. ग्लासगोवाल्यांचं ‘इंडी’ इंडिपेंडंटमधलं. बड्या कंपन्यांच्या दारात न जाता छोट्या लेबलांवर, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपन्यांकडून, रेकॉर्ड काढणारे, ते इंडी. ब्रिस्टलचं ‘सारा रेकॉर्ड्स’ हे १९८७ ते १९९५ चाललेलं लेबल त्यातलंच. पुढं धंद्याच्या पद्धतीचं हे नाव गाण्याच्या बाजालाच चिकटलं: किणकिणत्या गिटारी, हळवा आवाज, थोडा कच्चेपणा. त्यामुळं बँडचे दिवस पालटले तरी बिरुद सुटत नाही. त्याचं भाषांतर ‘स्वतंत्र पॉप’ करू नये, कारण मराठीत ‘स्वतंत्र कादंबरी’ म्हणजे अनुवादित नसलेली. वाचक भलतीकडंच जाईल. ‘इंडी पॉप’ असं तोडून आणि दीर्घ लिहिलं की घोळ मिटतो. (लिंबांसाठी प्रसिद्ध असलेलं विजयपूर जिल्ह्यातलं इंडी कुणाला आठवलं, तर त्याला इलाज नाही.)

आता ध्वनिमुद्रिका. शब्द देखणा आहे. मुद्रा म्हणजे ठसा, शिक्का. शिवरायांच्या राजमुद्रेतली तीच मुद्रा, आणि छापखान्यातल्या मुद्रणातही तीच. जिच्यावर ध्वनीचा ठसा उमटलाय ती ध्वनिमुद्रिका. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांना तर हे शब्दशः लागू पडतं, कारण त्या साच्यात दाबूनच काढत. म्हणजे शब्द वस्तूचा आहे. तिच्यावर किती गाणी आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ७८ च्या एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटांचं गाणं मावायचं, तीही ध्वनिमुद्रिका. एलपी, म्हणजे जास्त गाणी मावणारी मोठी तबकडी आली, तीही ध्वनिमुद्रिका. मधे ईपी होती: सात इंची, ४५ ची, दोन्ही बाजूंना मिळून साधारण चार गाणी. घरात जुन्या एचएमव्हीच्या असतील तर तबकडीच्या मधोमध चिकटवलेला कागद बघा, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी गाणी छापलेली असतात. तिलाही ध्वनिमुद्रिकाच म्हणत.

या अर्थानं विद्यार्थ्याचा आकडा बिनचूक आहे. पण श्रोता आज ‘ध्वनिमुद्रिका’ ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यात अल्बम असतो, आणि अल्बम दोनच होते. ‘टायगरमिल्क’ १९९६ चा. स्टो कॉलेजच्या अभ्यासक्रमाशी जोडलेल्या ‘इलेक्ट्रिक हनी’ या लेबलनं तो काढला. रेकॉर्डिंग तीन दिवसांत उरकलं आणि एलपी छापल्या फक्त १,०००. त्याच वर्षाअखेर ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ आला, ‘जीपस्टर’ लेबलवर. १९९७ मध्ये अल्बम एकही नाही, ईपी मात्र तीन. बरं, त्या ईपी म्हणजे अल्बममधली उरलीसुरली गाणीही नव्हेत. २००५ मध्ये ईपींची गाणी एकत्र करून वेगळा संच काढावा लागला, इतका तो ऐवज स्वतंत्र होता. अशा बँडची वाटचाल सांगताना अल्बम आणि ईपी एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबले, तर सांगायचं तेच निसटतं.

आणखी एक पेच आहे. तीन ईपींतली पहिली, ‘डॉग ऑन व्हील्स’, बाजारात आली १९९७ ला. पण तिच्यातलं रेकॉर्डिंग ‘टायगरमिल्क’च्याही आधीचं. म्हणजे ‘तिसरी ध्वनिमुद्रिका’ म्हणणं खरं, आणि ‘तिसरं ध्वनिमुद्रण’ म्हणालात की खोटं. निवेदनात ही गल्लत सर्रास होते. गाणं ध्वनिमुद्रित होतं स्टुडिओत, निघतं नंतर कधीतरी. तेव्हा ‘ध्वनिमुद्रण’ स्टुडिओतल्या कामासाठी राखावं, बाजारातल्या वस्तूला अल्बम, ईपी किंवा (एखादंच गाणं सुटं काढलं तर) सिंगल म्हणावं आणि ‘ध्वनिमुद्रिका’ खरोखरच्या तबकडीसाठी ठेवावी. ‘टायगरमिल्क’च्या त्या १,००० एलपी ध्वनिमुद्रिका होत्या, मोबाइलवर ऐकतो तो नुसता अल्बम. ‘ध्वनिफीत’ तर कॅसेटपुरतीच. सीडीच्या प्रकाशनालाही ‘ध्वनिफीत प्रकाशन सोहळा’ छापायचे, त्यात फीत असायची ती कापायचीच.

कोल्हापुरात तबकडीचा विषय निघाला की गायिका केसरबाई केरकरांना वगळून चालत नाही. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अवकाशात गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. तिला ध्वनिमुद्रिका म्हणा, कुणाची हरकत नाही.

तर निवेदन असं करा: ‘ग्लासगोच्या या इंडी पॉप बँडचे १९९६ मध्ये दोन अल्बम आले, १९९७ मध्ये तीन ईपी.’ पाचही आले, दोनही आले, सरही खूश.

जाता जाता त्या विद्यार्थ्यानं ‘रेकॉर्ड’चं लिंग विचारलंय. गाण्याची रेकॉर्ड स्त्रीलिंगी: रेकॉर्ड लावली, रेकॉर्ड घासली. विक्रम या अर्थी पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी. ‘रेकॉर्ड मोडला’ म्हणजे कौतुक, ‘रेकॉर्ड मोडली’ म्हणजे नुकसान. ‘ह्याची रेकॉर्ड चालू झाली’ यातलीही स्त्रीलिंगीच, आणि ती काही केल्या मोडत नाही. ‘बँडची कारकीर्द’ चालेल का, तर चालेल. पण आपल्याकडं कारकीर्द म्हटलं की आधी शाहू महाराजांची आठवते, म्हणून मी ‘वाटचाल’ लिहितो. आणि मंचावर ‘बँड’ म्हणताना एकदा ‘गाणाऱ्यांचा’ असं जोडून घ्या, नाहीतर मागच्या रांगेतून वरातीची फर्माईश आलीच म्हणून समजा.