तांब्याचा हिशेब जाणणारा राजदूत

मागच्या अंकात चिलीवरच्या टिपणात चिलीचे अमेरिकेतले माजी राजदूत ओर्लांदो लेतेलिएर यांच्या 1976 मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या हत्येचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : लेतेलिएर यांना कुठे अर्थतज्ज्ञ म्हणतात, कुठे राजदूत, तर कुठे संरक्षणमंत्री. खरे काय? (कराड)

उत्तर : तिन्ही खरे. जन्म 13 एप्रिल 1932, दक्षिण चिलीतल्या तेमुको इथे. काही काळ सैनिकी शाळा, मग 1954 मध्ये चिली विद्यापीठाची कायद्याची पदवी. अर्थशास्त्र ते शिकले नोकरीत, 1955 पासून सरकारच्या तांबे खात्यात अभ्यासक म्हणून. 1958 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे यांच्या बाजूने उभे राहिले. आयेंदे हरले आणि लेतेलिएर यांची नोकरी गेली. व्हेनेझुएलात तांब्याविषयी सल्ला देण्याचे काम केले आणि पुढे वॉशिंग्टनच्या इंटर-अमेरिकन विकास बँकेत कर्ज विभागात आले. त्यांच्या चरित्रात बँकेतली ही वर्षे सहसा दोन ओळींत उरकतात, ते चुकीचे आहे. एखाद्या देशाच्या कर्जाची फाइल कोणत्या टेबलावर पुढे सरकते आणि कुठे अडते, हे ज्ञान त्यांनी तिथे कमावले. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बळ तेच होते. 1971 मध्ये, तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयेंदेंनी त्यांना अमेरिकेत राजदूत नेमले. 1973 मध्ये काही महिन्यांत परराष्ट्र, गृह आणि संरक्षण अशी तीन खाती त्यांनी सांभाळली.

प्रश्न : आमचे घर गलाईवाल्यांचे, धातूचे भाव परदेशात ठरतात हे आम्हाला नवे नाही. चिलीने अमेरिकन कंपन्यांच्या तांब्याच्या खाणी फुकट घेतल्या म्हणतात. हे कसे झाले? (विटा)

उत्तर : घेतल्या त्या संसदेत ठराव करून. 11 जुलै 1971 ला घटनादुरुस्ती एकमताने मंजूर झाली, विरोधकांनीही हात वर केला. 'फुकट' हा शब्द मात्र हिशेब पाहूनच वापरावा.

पहिली पायरी, खाणीची वहीतली किंमत काढायची, म्हणजे यंत्रे, इमारती वगैरेंची किंमत, घसारा वजा करून. जमिनीखालच्या खनिजाचे काही धरायचे नाही, कारण ते राष्ट्राचेच. दुसरी पायरी 'जादा नफ्या'ची. 1955 पासून वर्षाला वहीतल्या किमतीच्या 12 टक्के नफा रास्त, त्यावरचा जादा. तो भरपाईतून कापायचा. समजा वहीत 100 रुपये आहेत आणि वर्षाचा नफा 30 रुपये. रास्त 12, जादा 18. सहा वर्षांत जादा रक्कम 108 होते, भरपाई संपून कंपनीच देणेकरी ठरते. प्रत्यक्षात अनाकोंडा आणि केनेकॉट या दोन अमेरिकन कंपन्यांचा जादा नफा 77 कोटी 40 लाख डॉलर निघाला. चुकिकामाता, एल तेनिएन्ते आणि एल साल्वादोर या तीन खाणींच्या वहीतल्या एकूण किमतीपेक्षा हा आकडा मोठा होता, म्हणून त्या खाणींपोटी हाती काही आले नाही.

या हिशेबाची कच्ची बाजूही सांगायला हवी. नियम आज करून तो पंधरा-सोळा वर्षे मागे लावला, आणि कंपन्यांनी बोट ठेवले ते इथेच. वॉशिंग्टनमध्ये बसून हे पटवण्याची जबाबदारी लेतेलिएर यांची होती. केनेकॉटने 1972 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात जाऊन चिलीच्या तांब्याचे पैसे अडवायचा मार्ग धरला. अमेरिकेकडून आणि मोठ्या बँकांकडून येणारी नवी कर्जे आटली. निर्यातीतला सुमारे चार पंचमांश वाटा एकट्या तांब्याचा असलेल्या देशाला हा दणका किती बसला असेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : सरकार पडले, पद गेले. मग परदेशात राहणाऱ्या माणसाला मारायची गरज का पडली? (मिरज)

उत्तर : कारण पैसा अडवण्याची जी विद्या आयेंदेंच्या विरोधात वापरलेली त्यांनी पाहिली, ती आता ते आयेंदेंना उलथून सत्तेवर आलेले लष्करप्रमुख पिनोशे यांच्या विरोधात वापरत होते. 11 सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावात लेतेलिएर यांना संरक्षण मंत्रालयातच पकडले. मॅगेलन सामुद्रधुनीतल्या डॉसन बेटावर आठ महिने, मग आणखी तुरुंग. व्हेनेझुएलाची राजधानी काराकासचे गव्हर्नर दिएगो आरिया यांच्या खटपटीने सप्टेंबर 1974 मध्ये सुटका झाली. पुढे वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीज या अभ्याससंस्थेत काम करताना त्यांनी चिलीकडे जाणारे कर्ज आणि गुंतवणूक रोखण्यासाठी दारे ठोठावली. नेदरलँड्समधल्या एका कंपनीची 6 कोटी 25 लाख डॉलरची खाण-गुंतवणूक बारगळली.

28 ऑगस्ट 1976 च्या 'द नेशन' साप्ताहिकात त्यांनी पिनोशेंना सल्ला देणाऱ्या, शिकागो विद्यापीठाच्या मुशीतल्या अर्थतज्ज्ञांवर लेख लिहिला. खुला बाजार आणि छळछावण्या या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, पहिलीसाठी दुसरी लागते, असा त्यांचा मुद्दा होता. आमच्या मते त्यांचे सगळ्यात टिकाऊ लेखन हेच. 10 सप्टेंबरला त्यांचे नागरिकत्व काढून घेतल्याचे जाहीर झाले. 21 सप्टेंबरला सकाळी वॉशिंग्टनच्या शेरिडन सर्कलजवळ गाडीखालच्या बॉम्बने ते गेले. सोबतच्या 25 वर्षांच्या सहकारी रॉनी मॉफिट याही गेल्या. तिचा नवरा मागच्या सीटवर होता, तो वाचला.

प्रश्न : मारेकरी सापडले कसे? (सांगली)

उत्तर : पासपोर्टच्या फोटोंवरून. हत्येआधी दोघे जण खोट्या नावांचे पॅराग्वेचे पासपोर्ट घेऊन पॅराग्वेत अमेरिकी व्हिसा मागायला आले होते. तिथले अमेरिकेचे राजदूत जॉर्ज लँडाऊ यांना संशय आला आणि त्यांनी पासपोर्टच्या प्रती काढून ठेवल्या. मार्च 1978 मध्ये फोटो छापून आले. एक निघाला मायकेल टाउनली, चिलीच्या 'दिना' या गुप्त पोलिसांचा अमेरिकन हस्तक, दुसरा लष्करी अधिकारी आर्मांदो फर्नांदेस लारिओस. एप्रिलमध्ये चिलीने टाउनलीला अमेरिकेच्या हवाली केले आणि त्याने सगळे सांगितले. 'दिना'चे प्रमुख मान्वेल कोन्त्रेरास यांना मात्र चिलीने दिले नाही. त्यांना शिक्षा झाली ती चिलीतच, 1993 मध्ये, सात वर्षांची.

प्रश्न : कुटुंबाने चिली सरकारवर अमेरिकेत दावा जिंकला होता, तरी पैसे का मिळाले नाहीत? (एक वकील, सातारा)

उत्तर : निकाल मिळवणे आणि वसुली करणे यांतले अंतर तुम्हा वकील मंडळींना माहीतच आहे. 1980 मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सुमारे 50 लाख डॉलरचा निकाल दिला. परक्या सरकारला सहसा दाव्यापासून संरक्षण असते, पण अमेरिकेच्या भूमीवरच्या हत्येला ते लागू नाही, असे ठरले. वसुलीसाठी कुटुंबाने चिलीच्या सरकारी विमान कंपनीची मालमत्ता मागितली. तिथे 1984 मध्ये वरच्या न्यायालयात दावा अडला, कारण कंपनी कायद्याने सरकारपासून वेगळी. शेवटी लोकशाही परतल्यावर दोन देशांमधल्या 1914 च्या जुन्या कराराखाली आयोग बसला आणि जानेवारी 1992 मध्ये त्याने सुमारे 26 लाख डॉलर ठरवले. त्याच वर्षी लेतेलिएर यांचे अवशेष काराकासहून चिलीत आणले गेले.

प्रश्न : मूळ कागद वाचायचे असतील तर सुरुवात कुठून करावी? (वाई)

उत्तर : अमेरिकेने 1999 पासून खुल्या केलेल्या चिलीविषयक कागदांपासून. आधी तारखांची वही करा आणि प्रत्येक कागद तिच्यात बसवा, नाहीतर काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या ओळींत गोंधळ होतो. 16 सप्टेंबर 1976 चा, अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचा आदेश नक्की पाहा. परदेशात हत्या घडवण्याविरुद्ध दक्षिण अमेरिकेतल्या राजवटींना द्यायचा इशारा त्यांनी थांबवला होता, आणि पाचच दिवसांनी शेरिडन सर्कलला स्फोट झाला. त्यानंतर 2015 मध्ये खुले झालेले कागद घ्या. हत्येचा हुकूम खुद्द पिनोशे यांचा होता, हा अमेरिकी यंत्रणांचा निष्कर्ष त्यांत आहे.