वाचकांचे प्रश्न : तपास अधिकाऱ्याचे पुस्तक आणि न्यायालयाचे निकालपत्र

खऱ्या गुन्ह्यांवरील पुस्तके आणि त्या गुन्ह्यांचा छडा लावणारे पोलीस अधिकारी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मानवत हत्याकांडावरील मालिका २०२४ मध्ये पाहिली आणि नंतर त्या प्रकरणाचा तपास करणारे रमाकांत कुलकर्णी यांचे इंग्रजी पुस्तक मिळवून वाचले. पुस्तक वाचून प्रकरणाचा पूर्ण उलगडा झाल्याचे समाधान मिळते. परंतु आमच्याकडची जुनी माणसे सांगतात की मुख्य म्हणवले गेलेले आरोपी सुटले. मग उलगडा झाला म्हणजे नेमके काय झाले?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

आपण वाचले ते खोटे नाही आणि ऐकले तेही खरे आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवतमध्ये लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेत नाव कमावलेल्या कुलकर्णी यांच्याकडे तपास आला. गुप्तधन मिळावे आणि अपत्यप्राप्ती व्हावी यासाठी मुंजाला बळी दिले गेले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. पुस्तकात आणि मालिकेत आपल्याला भेटते ती कथा मुख्यतः हीच आहे.

या खटल्याचा शेवट १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ते निकालपत्र ओळखले जाते आणि कायद्याचे विद्यार्थी ते आजही अभ्यासतात, मात्र मानवतच्या भयकथेसाठी नव्हे. माफीच्या साक्षीदारावर (खरी साक्ष देण्याच्या अटीवर माफी मिळालेल्या सहआरोपीवर) किती विसंबावे, कबुलीजबाब कसा नोंदवावा आणि शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे किती आवश्यक आहे, या तीन प्रश्नांसाठी ते वाचले जाते. गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाच्या साक्षीवरून दोषी ठरवण्यास कायद्याची आडकाठी नाही. परंतु असा माणूस स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी दुसऱ्याची अडकवू शकतो, म्हणून त्याच्या सांगण्याला महत्त्वाच्या बाबतीत स्वतंत्र पुष्टी मिळाली पाहिजे, आणि तीही खून झाला एवढ्यापुरती नव्हे, तर ज्या आरोपीविरुद्ध ती साक्ष वापरायची त्या प्रत्येक आरोपीच्या सहभागाबद्दल मिळाली पाहिजे. या कसोटीवर काही आरोपींविरुद्धचा पुरावा टिकला. ज्या दोघांभोवती सारे कथानक फिरते, त्यांच्यावरील दोषसिद्धी मात्र अखेरपर्यंत टिकली नाही.

तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने उलगडा होतो तो सगळे दुवे त्याच्या मनात एकमेकांना जुळतात त्या दिवशी. न्यायालयाला त्या दिवसाशी कर्तव्य नसते. दुवा कागदावर कसा आला, कोणासमक्ष आला आणि आरोपी तेव्हा कोणाच्या ताब्यात होता, हे ते पाहते. याच निकालपत्रात न्यायालयाने पोलिसांविषयी एक कडक शेरा मारला आहे. त्याचा आशय असा, की हाती विस्तृत अधिकार असलेले पोलीस गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात मर्यादा ओलांडतात, बाहेरच्या नजरेआड आपल्या ताब्यात असलेल्या माणसावर बळ वापरण्याचा मोह त्यांना होतो आणि हा मोह वेळीच खुडून टाकला पाहिजे. मालिकेत हा शेरा आला असता तर तिची उंची वाढली असती, असे माझे मत आहे.

म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. शंकेने आणि अफवांनी पोखरलेल्या गावात बाहेरून आलेला अधिकारी माणसांना बोलते कसे करतो, खोटे सांगणाऱ्याला पुन्हा पुन्हा तेच कसे सांगायला लावतो, वरिष्ठांचा आणि वर्तमानपत्रांचा दबाव कसा पेलतो, हे निकालपत्रात कधीच सापडत नाही. मात्र अधिकाऱ्यांची आत्मकथने बहुधा आरोपपत्रापाशी थांबतात, किंवा पुढचा न्यायालयीन प्रवास एका परिच्छेदात उरकतात. ती वाचताना अधिकारी हाही एक साक्षीदारच आहे आणि त्याची उलटतपासणी पुस्तकात झालेली नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : जोशी-अभ्यंकर हत्याकांडाविषयी लहानपणापासून ऐकत आले आहे. खून करणारे पुण्यातच राहणारे चार-पाच विद्यार्थी होते, तरी पोलिसांना सव्वा वर्ष का लागले? हुल्याळकर यांनी केवळ दोरीच्या गाठींवरून गुन्हेगार पकडले, हे खरे आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

पहिला खून जानेवारी १९७६ मधला आणि अटक मार्च १९७७ च्या अखेरची, म्हणजे सव्वा वर्षाचा हिशेब बरोबर आहे. परंतु पहिला खून पोलिसांच्या कागदावर खून म्हणून आलाच नव्हता. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयातील या मुलांनी आपल्याच ओळखीच्या, हॉटेलमालकाच्या मुलाला नेले, त्याच्याकडून घर सोडून जात असल्याची चिठ्ठी लिहून घेतली, त्याला मारले आणि लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवले. त्यामुळे पोलीस ठाण्यात एक बेपत्ता मुलगा आणि खंडणीची मागणी एवढीच नोंद राहिली. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघांचा आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे नामवंत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्या घरात पाच जणांचा खून झाला, तेव्हा या घटनांचा त्या बेपत्ता मुलाशी संबंध जोडण्यास कोणतेही कारण समोर नव्हते. शिवाय घरफोडीचे सराईत टोळके शोधण्याची पोलिसांना सवय होती आणि त्या टोळक्यांची माहिती खबऱ्यांकडून मिळे. ज्यांची नावे पोलिसांच्या दप्तरात नाहीत अशा महाविद्यालयीन मुलांविषयी खबऱ्या काय सांगणार? कुत्र्यांनी माग काढू नये म्हणून घरात अत्तर शिंपडण्याइतकी हुशारीही त्या मुलांनी दाखवली होती.

काळही लक्षात घ्यावा. आणीबाणी चालू होती आणि वर्तमानपत्रांवर बंधने होती. अंधार पडला की पुणेकर दारे लावून बसत, आणि छापील बातमीची उणीव अफवा भरून काढत असत.

गाठींची गोष्ट खरी आहे, मात्र ‘केवळ’ हा शब्द काढून टाकावा लागेल. २३ मार्च १९७७ रोजी याच मुलांच्या परिचयातील आणखी एका तरुणाचा खून झाला. लोखंडी शिडीला नायलॉनच्या दोरीने बांधून नदीत टाकलेला त्याचा मृतदेह दुसऱ्याच दिवशी येरवड्याच्या बाजूला वर आला. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर आणि त्यांचे सहकारी तोवर जोशी आणि अभ्यंकर प्रकरणांत गुंतलेले होते, म्हणूनच ही दोरी आणि ही गाठ आपण आधी पाहिली आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याहून मोठा फरक असा पडला, की आता मृताच्या मित्रमंडळात चौकशी करता येत होती. तो कोणाबरोबर होता, कोठे चालला होता, या साध्या प्रश्नांना मुलांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळेनात. त्यानंतर तळ्यातून पिंप बाहेर काढले गेले आणि वर्षभर बेपत्ता म्हणून नोंदलेला मुलगा सापडला.

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही; परंतु आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्याचे कलम २७ ते हेच. असा पिंप, दोरी किंवा चोरीचा ऐवज पंचांसमक्ष, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी हजर ठेवलेल्या साक्षीदारांसमक्ष, बाहेर निघतो, तेव्हाच अधिकाऱ्याची शंका न्यायालयात उभी राहू शकते. येथेही टोळीतील एक जण माफीचा साक्षीदार झाला, पण त्याच्या जोडीला मुद्देमाल होता. सप्टेंबर १९७८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने चौघांना फाशीची शिक्षा सुनावली, ती वरच्या न्यायालयांत कायम राहिली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्याला अमलात आली. मानवत आणि पुणे ही दोन प्रकरणे मुद्दाम शेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : रामन राघवने कोंबडीचे जेवण मिळाल्यावर खून कबूल केले, असे प्रत्येक पुस्तकात असते. एवढ्यावर खटला उभा राहतो का?
— एक वाचक, मुलुंड

राहत नाही, आणि राहिलाही नव्हता. जेवणाचा प्रसंग खरा आहे. कितीतरी दिवस काहीही न बोलणारा हा माणूस कोंबडीचे जेवण, डोक्याला तेल, कंगवा, आरसा अशा मागण्या पुऱ्या झाल्यावर बोलू लागला. वाचकाला तो प्रसंग लक्षात राहतो, कारण त्यात नाट्य आहे. मला विचाराल तर या तपासातला अधिक महत्त्वाचा भाग जुन्या दप्तराचा आहे. १९६५-६६ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांवर पहिल्यांदा हल्ले झाले, तेव्हा परिसरात फिरताना आढळलेल्या या इसमाला पोलिसांनी पकडून पुराव्याअभावी सोडले होते. त्याची नोंद आणि बोटांचे ठसे मात्र शिल्लक होते. १९६८ मध्ये पुन्हा खून सुरू झाले. २७ ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून ताब्यात घेतले. त्याने स्वतःचे नाव सिंधी दलवाई असे सांगितले, परंतु ठशांनी तो कोण ते सांगून टाकले. पुढे त्याने पोलिसांना लपवलेली हत्यारेही दाखवली.

श्रेय मानवतचाही तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांच्या नावावर जमा झाले, कारण तपासाचे नेतृत्व त्यांचे होते. ते रास्तच आहे. तरीही रस्त्यावर चेहरा ओळखणाऱ्या उपनिरीक्षकाला आणि ठसे जपून ठेवणाऱ्या कारकुनी खात्याला पुस्तकांत मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी होती.

या प्रकरणाची उत्तरकथा तर क्वचितच सांगितली जाते. सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये त्याला फाशी सुनावली आणि त्याने अपील करण्यास नकार दिला. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याची तपासणी करवली. तो बरा न होणाऱ्या मनोविकाराने ग्रस्त असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. गुन्हा कोणी केला, हा प्रश्न १९६८ मध्ये सुटला. करणाऱ्याला त्याची जाणीव किती होती, या प्रश्नाने पुढे जवळजवळ दोन दशके घेतली.

प्रश्न : आमच्या तालुक्यात चाळीस वर्षांपूर्वी गाजलेल्या एका खुनावर पुस्तक लिहिण्याचा विचार आहे. तपास करणारे फौजदार हयात असून बोलायला तयार आहेत. त्याशिवाय कोणती कागदपत्रे मिळवावीत?
— एक वाचक, कराड

फौजदारसाहेबांकडे जाण्यापूर्वी निकालपत्र मिळवावे. ते वाचून गेलात तर प्रश्न नेमके विचारता येतात आणि त्यांनाही जुन्या गोष्टी क्रमाने आठवतात. प्रकरणाशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तीने सत्र न्यायालयाकडे प्रमाणित प्रतीसाठी कारण नमूद करून अर्ज करावा लागतो. खटल्याचे बाकीचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, त्यामुळे साक्षींच्या नोंदी आणि पंचनामे हाती लागतीलच असे नाही. अपील झाले असेल तर उच्च न्यायालयाचे निकालपत्र मिळणे त्या मानाने सोपे असते आणि त्यात दोन्ही बाजूंच्या पुराव्याचा गोषवाराही असतो. पोलिसांची केस डायरी मात्र मिळण्याची आशा धरू नये. आरोपीलाही ती मागण्याचा हक्क नसतो, मग लेखकाला कोठून असणार? जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांचे जुने अंक ग्रंथालयात पाहावेत, पण अटकेनंतरच्या आठवड्यातील बातम्या पोलिसांनी पुरवलेल्या असतात आणि खटल्यातील बातम्या कोणी तरी प्रत्यक्ष बसून ऐकून लिहिलेल्या असतात, हा फरक करून वाचावे.

दोन बाबतींत सावधगिरी आवश्यक आहे. प्रकरणात बलात्काराचा आरोप असेल, तर पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही, ती हयात नसली तरीही. आणि मृत व्यक्तीची बदनामीदेखील, त्यामुळे तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असल्यास, फौजदारी गुन्हा ठरू शकते. जो आरोपी निर्दोष सुटला त्याला ‘खरा खुनी’ म्हणण्याचा मोह फौजदारसाहेबांना होईल आणि ते तसे ठामपणे सांगतीलही. त्यांचे मत म्हणून नोंदवतानाही ते वकिलाला दाखवल्यावाचून छापू नये.

निकालपत्र हाती आले की पंचांची नावे पाहावीत आणि त्यांपैकी कोण फितूर झाले, तेही तपासावे. लहान गावांत तेच ते पंच एकामागून एक खटल्यांत भेटतात. तसे आढळले, तर ती जप्ती कशी झाली असेल याविषयी फौजदारसाहेबांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न आपल्याला मिळाला, असे समजावे.