निकोटिनचा द्रव घरी तीन वर्षं टिकवायचा असेल तर कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भावानं दुबईहून येताना ई-सिगारेटमध्ये भरायचा, दर मिलीला 100 मिलिग्रॅम ताकदीचा अर्धा लिटर निकोटिनचा द्रव आणलाय, घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत तळमजल्यावर, फ्रीज एकच, घरात आई आणि चार वर्षांची पुतणी. तीन वर्षं टिकेल का आणि कसा ठेवू?

टिकेल. पण ठेवू नका. दोन्ही का, ते सांगतो. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पोरं प्रयोग करतात, मी बाटल्या राखतो.

निकोटिन बिघडतं ते हवा, उजेड आणि उष्णतेनं. ताजं असताना ते बिनरंगाचं किंवा फिकट पिवळं असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की हळूहळू तपकिरी होत जातं आणि वासही उग्र होतो. म्हणून ते गडद तपकिरी काचेच्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून ठेवतात. बाटली अर्धी रिकामी राहिली की वरची हवा आपलं काम करत बसते. त्यामुळे एका मोठ्या बाटलीपेक्षा पाच-सहा लहान बाटल्या बऱ्या, एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. प्लॅस्टिकमधून वर्षानुवर्षांत थोडी हवा आत जातेच. ड्रॉपरच्या रबरी फुग्याचं टोपण साठवणीला चालत नाही, घट्ट आट्यांचं लागतं. थंडीत ही सगळी क्रिया मंदावते, म्हणून फ्रीझर. उणे 18 अंशालाही हे मिश्रण गोठत नाही, काकवीसारखं दाट होतं. आणि गार बाटली लगेच उघडायची नाही. आपल्या पावसाळ्यात बाहेर काढली की काचेवर दव धरतं आणि तेच पाणी आत जातं.

एक गैरसमज काढून टाका. रंग काळपट झाला म्हणजे विष उतरलं, असं नाही. रंगावरून ताकद कळत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. फ्रीझर म्हणजे मटार, बर्फाचा ट्रे, पुतणीचं आइस्क्रीम. कुलूपबंद वेगळा फ्रीझर असेल तर गोष्ट निराळी, पण तुम्हीच लिहिलंय, फ्रीज एकच. त्यात तुमची पेठ पंचगंगेच्या काठाची. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर आठवा. लाईट गेली, तळमजल्यात पाणी शिरलं, लोकांनी माणसं आणि जनावरं काढली, फ्रीज कोण बघतोय? पाणी उतरल्यावर चिखलातून बाटल्या गोळा करणाऱ्या माणसाला कुठल्या बाटलीत काय होतं ते कसं कळणार? लेबल तर पहिल्याच दिवशी सुटून गेलेलं.

आणि हिशोब करा. अर्धा लिटर म्हणजे 500 मिली, गुणिले 100 मिलिग्रॅम म्हणजे 50 ग्रॅम निकोटिन. एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण 10 मिलिग्रॅम असतं आणि ओढणाऱ्याच्या अंगात त्यातलं एखादं मिलिग्रॅम जातं. माणूस किती निकोटिननं दगावतो, याचा जुन्या पुस्तकांतला आकडा 60 मिलिग्रॅम. 2014 साली बर्न्ड मायर या ऑस्ट्रियातल्या औषधशास्त्रज्ञानं दाखवलं की तो आकडा एकोणिसाव्या शतकातल्या कच्च्या प्रयोगांवर बेतलेला आहे, खरा 500 मिलिग्रॅमच्या पुढे असावा. बरं, मान्य. पण तुमच्या बाटलीतला चहाचा एक चमचा, पाच मिली, म्हणजे बरोबर 500 मिलिग्रॅम. हे धडधाकट माणसाचं झालं. चार वर्षांच्या पोरीचं तुम्हीच ठरवा. पिण्याचीही गरज नाही, हे कातडीतून आत जातं.

ते कातडीतून जातं हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. आमचं गाव कागल तालुक्यात, निपाणीच्या अलीकडे, घरची तंबाखू. दवात भिजलेल्या पिकात शेंडे खुडायला गेलेल्या बायका दुपारी उलट्या करत बांधावर बसायच्या, हात चिकानं काळे झालेले. घरातली म्हातारी म्हणायची, "तंबाखू लागली, दुसरं काय." खाल्ली कुणीच नव्हती.

आजोबा मिरचीवरच्या माव्यासाठी (पानपट्टीवरचा नव्हे, पिकावरची कीड) तंबाखूचा काढा करायचे. अर्धा किलो तंबाखू साडेचार लिटर पाण्यात अर्धा तास उकळायची, गाळायची, साबण घालायचा, पातळ करून फवारायचं. उरलेला काढा सरबताच्या बाटलीत भरून वळचणीला ठेवायचे. एका चैत्रात चुलते रानातून तापून आले आणि कोकम समजून त्यांनी घोट घेतला. लगेच थुंकले, तरी दहा मिनिटांत तोंडाला लाळ, घामाच्या धारा, उलट्या, छाती धडधडायला लागली. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. वाचले. तो नुसता काढा होता, तुमच्या बाटलीपुढे ताकासारखा. आणि आजोबा काही बेफिकीर माणूस नव्हेत, त्यांना बाटलीत काय आहे हे पक्कं ठाऊक होतं. ठाऊक फक्त त्यांनाच होतं, घोळ तिथंच झाला.

कायद्याचंही ऐका. सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट, पूर्ण असो वा तिचा भाग, बनवणं, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा ठेवणं, सगळ्यावर बंदी. साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "विकत नाही, घरात पडून आहे" म्हणून सुटू, या भरवशावर राहू नका.

तर मी काय करीन? बाटली मोरीत किंवा नदीत ओतणार नाही. घट्ट बंद करून आणखी एका डब्यात ठेवीन, वर मोठ्या अक्षरात मराठीत "विष, निकोटिन, हात लावू नका" लिहीन, कारण आईला इंग्रजी लेबल वाचता येत नसेल, आणि माळ्यावर कुलपात. मग वॉर्ड ऑफिसात विचारून घरगुती घातक कचरा म्हणून देऊन टाकीन. घनकचऱ्याच्या नियमांत असा कचरा वेगळा द्यायची तरतूद आहे. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे, मुलगी घरात नसताना.

आणि भावाला सिगारेट सोडायची म्हणून हे चाललं असेल, तर दोन मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो आणि सरकारची तंबाखू सोडण्याची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356.

तोवर काही सांडलंच, तर कपडे लगेच उतरवा, साबण आणि भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, 108 लावा किंवा सरळ सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, गाठा आणि बाटली सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, काय होतं आणि किती ताकदीचं.